म्हाळसाचे देव

बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५. चंपाषष्ठी. पहाटे थंडी बरी होती. सिलिंडर बदलला. म्हाळसाने भरीत आणि रोडगे वर आणून दिले. भरितात मीठ घालायचं विसरली. दुपारी तिच्या खोलीत तळी उचलली. पाहुणे गेल्यावर तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

डायरीतल्या या नोंदीतली म्हाळसा माझी भाडेकरू. शिक्रापुरात आमचं घर हायवेला लागून आहे. माझे पती गेल्यावर खालच्या दोन खोल्या मी तिला आणि तिच्या नवऱ्याला, मल्हारीला, दिल्या. नावांची ही जोडी ऐकून नवा माणूस हसतोच. माहेरी तिचं नाव नकुशी होतं. चौथी मुलगी, म्हणून नकोशी. लग्नात सासऱ्यांनी नाव बदलून म्हाळसा ठेवलं, खंडोबाच्या राणीचं. मल्हारी थोरला, त्यामुळे घरचे देवही तिच्याच हाती आले: चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले लहान लहान टाक, खंडोबा, बिरोबा, भवानी आणि एक कुणी पूर्वज. ती त्यांना रोज न्हाऊ घालते. तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नाही.

मल्हारी रांजणगावच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. दिवसभर मशीनचा दणका, घरी आलं की ट्रकचे हॉर्न. कानात सतत शिटी वाजते म्हणायचा. गेल्या वर्षी त्याच्या हाताखालचा बापी नावाचा बंगाली मुलगा त्याला सुट्टीत आपल्या काकाकडे घेऊन गेला. अंदमानात नील बेटावर. परत यायच्या दिवशी मल्हारीचा फोन आला.

"म्या न्हाई येत. हितं हॉर्न न्हाई. काकाच्या वाडीत भाजी लावतो, झोपडी हाय, बास झालं. तू बी ये."

"आन् देव?" म्हाळसाने विचारलं होतं.

त्या प्रश्नाला वर्षभर उत्तर मिळालं नाही. मध्ये दोनदा तो येऊन गेला, काळा आणि वाळलेला, पण रात्री शांत झोपणारा. म्हाळसाची झोप मात्र गेली. कधी म्हणे, "मला न इचारता गेले, म्या का जावं?" कधी जिन्यावर उभी राहून विचारी, "बाई, तिथं ज्वारी पिकती का वो? बोटीत वकारी येती म्हंत्यात, खरं हाय का?" अखेर ती जायला तयार झाली आणि बापीने कार्तिकात आपलं आणि तिचं तिकीट काढलं. दौंडहून चेन्नईची गाडी, पुढे बोट. विमानतळावर सामान तपासतात हे कळल्यावर विमानाला तिनेच नकार दिला होता. "देव मशीनीत घालायचं? लोकांच्या चपलांमागनं? न्हाई जमायचं." पण देव न्यायचे हे तरी कुठे ठरलं होतं?

चंपाषष्ठीला धाकटा दीर धुळाजी मांडवगण फराट्याहून माणसं घेऊन आला. तळी म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून, देवासमोर पाच पुरुषांनी ती येळकोट करत उचलायची. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. त्याच वेळी फोनवर मल्हारी दिसत होता. त्यानेही पाच जण जमवले होते: बापीचा काका, जेटीवरचा तिकीटवाला, दोन नावाडी आणि तो स्वतः. येळकोट म्हणताना त्यांची जी त्रेधा उडाली, ती पाहून धुळाजीची माणसं खो खो हसली.

म्हाळसा हसली नाही. "तो भंडारा कुठला वो?"

"बापीच्या काकीच्या घरातली हळद."

"मासळीला लावत्यात ती?"

"निराळ्या डब्यातली गं!"

"आन् तळीम्होरं देव कुठं हाय?"

"देव तुझ्यापाशी हायती," मल्हारी म्हणाला.

धुळाजीने फोन हातात घेतला. "दादा, तुम्ही दोघं तिकडं, मग देव आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. शनवारी वैनी दौंडाला जाताना मांडवगणच्या फाट्यावर मी उभा ऱ्हातो."

"म्हाळसाला इचार," मल्हारी म्हणाला.

म्हाळसाने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळलं नाही. धुळाजीने होकार धरला.

पुढचे दोन दिवस ती बॅग भरायची आणि रिकामी करायची. मी सुचवलं, देवांचा फोटो काढून ने. दौंडच्या कॉन्व्हेंटात शिकले मी, भिंतीवरच्या तसबिरीपुढे हात जोडायची सवय. ती म्हणाली, "फोटूला न्हाऊ कसं घालू, बाई?"

शनिवारी सकाळी बापी जीप घेऊन आला. मीही निघाले, तिला गाडीत बसवून येईन म्हटलं. देवांचा पितळी डबा तिने घोंगडीच्या तुकड्यात बांधून मांडीवर घेतला होता. तळेगाव ढमढेरे गेलं, न्हावरा गेला. ती काचेबाहेर बघत होती, पण बघत नव्हती. गाठ सोडायची, पुन्हा बांधायची.

फाट्यावर धुळाजी आणि त्याची बायको स्वप्नाली उभी होती. स्वप्नालीच्या हातात नवं रेशमी वस्त्र. म्हाळसा उतरली. मी खिडकीतून बघत होते. तिने डबा पुढे केला, आणि स्वप्नालीने खरोखर मायेने म्हटलं, "अक्का, काळजी करू नगा. संगमरवरी देव्हारा केलाय. दरसाल चंपाषष्ठीला येत जावा. पाव्हण्यावानी बसायचं, कामाला हात लावू द्यायची न्हाई मी."

डबा मध्येच थांबला.

"पाव्हणी?" म्हाळसा म्हणाली. "म्या?"

"तसं न्हाई वो अक्का..."

डबा तिने पुन्हा छातीशी धरला. धुळाजी पुढे झाला. "वैनी, खुळ्यावानी करू नगा. देव कुणी समुद्रापार न्हेतं व्हय?"

"भाऊजी, तुमचा आज्जा मेंढरं घिऊन दरसाल कोकणात उतरायचा. तवा देव कुठं असायचं?"

"घोड्यावर. वाकळंत बांधून."

"आन् तळी उचलायला तिथं कोण भावकी होती? जे भेटतील ते पाच. मग माझ्या पाचांना का हसला?"

"ती गोष्ट येगळी. दादाला फोन लावतो."

"लावा. तेनी माझ्यावर सोपवलंय, तुम्ही हुता तवा." तिने घोंगडीची गाठ पुन्हा आवळली. "म्या नकुशीची म्हाळसा झाली ती ह्यांच्यासाठी न्हाई, ह्या देवांसाठी. ह्ये तुमच्या घरी गेलं, तर तिथं बेटावर म्या कोण?"

धुळाजीने मोटारसायकलला किक मारली, पण निघाला नाही. इंजिन तसंच चालू ठेवून तो उसाच्या शेताकडे बघत राहिला. स्वप्नालीने रेशमी वस्त्र मुकाट्याने डब्यावर टाकलं आणि जावेच्या पाया पडली. आम्ही पुढे आलो तेव्हाही इंजिनचा आवाज येत होता.

दौंडला गाडी उशिरा आली. प्लॅटफॉर्मवर म्हाळसा बसेना. "बाई, चुकलं का वो माझं?" तिने विचारलं. नळावरचं पाणी तिने दोनदा ओंजळीत घेतलं, न पिता सोडून दिलं. गाडी लागल्यावर बापीने डबा बाकाखाली सरकवायला हात पुढे केला, तर तिने त्याचा हातच झटकला. "काकी, तीन-चार दिवस मांडीवर धरणार?" तो हसत म्हणाला. "धरीन," ती म्हणाली, आणि गाडी हलेपर्यंत बाहेर पाहिलं नाही.

परतताना फाट्यावर कुणी नव्हतं. घरी येऊन मी खालच्या खोलीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, मग उगीच उघडलं, कोनाड्यातला भंडाऱ्याचा डाग पाहिला आणि पुन्हा लावलं. धुळाजीचा फोन वाजत राहिला, मी उचलला नाही. संध्याकाळी डायरीत लिहिलं: गव्हाचं दळण आणलं. पिठाचा डबा धुतलेला ओलाच होता, म्हणून पीठ पिशवीतच ठेवलं.