आपोआप वळणारं शीड

आमचे हे, खुशालराव, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात. यांनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या क्लबातून जुनी शिडाची होडी उचलून आणली. आम्ही अमरावतीचे, समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर. पण यांनी ती मोर्शीजवळच्या धरणात टाकली आणि दर रविवारी हे पाण्यात.

मग लकवा आला. बाकी माणूस सावरला, पण डाव्या हाताची पकड गेली. उजव्या हाताने सुकाणू धरता येई. पुढच्या लहान शिडाच्या दोन दोऱ्या कोण सांभाळणार? होडी वळली की एक सोडायची, दुसरी ओढायची. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आता मी दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची पोर. लहानपणी बापाच्या बैलगाडीचा कासरा धरलेला. आधी कासरा ओढायचा, मग बैल वळतो, हे हाडात बसलेलं. इथे सगळं उलटं. आधी होडी वळते, मग दोरी ओढायची. हे म्हणत, "थांब, अजून नाई," तोवर माझे हात ओढून मोकळे. शिडात उलटी हवा भरायची, होडी अर्ध्यात अडायची आणि आम्ही दोघं भर पाण्यात भांडत बसायचो. तीन वर्षं हा तमाशा चालला.

गेल्या दिवाळीनंतर होडी अशीच अडली आणि बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे मागे मागे जाऊ लागली. दोरी सोडवायला हे उठले, त्या निकामी हातानेच धरायला गेले, आणि गेले पाण्यात. लाइफ जॅकेट होतं म्हणून वाचले. मासेमारांनी ओढून काढलं. काठावर आल्या आल्या मी सांगून टाकलं, "आता एक तं होडी राहीन, नाहीतं मी."

होडीवर ताडपत्री पडली. मला वाटलं, सुटले. पण माणूस जेवायचा, टीव्हीपुढे बसायचा, काही विचारलं तर "हो" म्हणायचा. महिनाभर माझ्याशी एकदाही भांडला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. एका सकाळी चहा ठेवता ठेवता मीच म्हटलं, "माया हातानं होत नाई. माया हाताबिगर होते का, ते पाहा."

यांनी कप खाली ठेवला आणि कागद मागितला.

आठ दिवसांत ओळखीच्या वर्कशॉपातून एक वाकवलेला स्टीलचा पाइप आला. तो यांनी डोलकाठीच्या पुढे आडवा बसवला. पडद्याच्या दांडीवर सरकते तशी एक कडी त्यावर, आणि पुढच्या शिडाचं टोक त्या कडीला. दोरी एकच, एकदा बांधली की झालं. होडी वळली की शीड आपलं आपण पलीकडे जाईल, असं यांचं म्हणणं. माझा काडीचा विश्वास नव्हता, पण एकटं कसं सोडणार? डबा आणि संत्री घेऊन यांच्यासमोर बसले.

पहिल्या वळणाला माझे हात सवयीने उठले.

"कोन्ती ओढू?"

"कोन्तीच नाई. गुमान बस."

यांनी सुकाणू लोटलं. होडीने तोंड फिरवलं, कडी सर्रकन पलीकडे गेली आणि शीड भरलं. कुठे अडणं नाही, ओरडणं नाही. दुसरं वळणही तसंच, तिसरंही. छातीवर तीन वर्षं बसलेलं ओझं उतरलं आणि मला रडूच आलं. मग दुसराच विचार आला, आणि तो काही चांगला नव्हता.

"आता माया काय काम इथं?" मी म्हटलं. "पुढच्या रविवारी जा एकटेच."

हे माझ्याकडेच पाहत होते. "दोऱ्या होत्या तवा तू तिकडं शिडाकडं तोंड करून बसे," म्हणाले. "तीन वरसं तुयी पाठच पाहून राहिलो मी."

मी संत्रं सोललं. यांचा एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात काही राहत नाही, म्हणून फोडी तोंडातच द्याव्या लागल्या.