थोडं कमीच धरा

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण? अख्खी गल्ली त्याला कमीधरा म्हणते. गेम खेळायचे कॉम्प्युटर जुळवून देणं हा त्याचा धंदा, आणि कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी एकच वाक्य ऐकवतो, "थोडं कमीच धरा." मुलं कुठले कुठले व्हिडिओ बघून येतात. त्यांना सगळी सेटिंग्ज वरच्या टोकाला हवी असतात, चित्र कुठं अडखळायला नको असतं आणि मशीन मात्र साधंच घ्यायचं असतं. कमीधरा त्यांना समोर बसवतो आणि सांगतो, की बाबा रे, त्या व्हिडिओतल्या मशीनचं आणि तुझ्या मशीनचं नातं फक्त विजेपुरतं. सेकंदाला जेवढी चित्रं तिथं दाखवतात, त्याच्या निम्मी आली तरी भरून पावलास. पोरगं हिरमुसतं. पण घरी गेल्यावर सांगितल्यापेक्षा जरा बरंच चालतं, मग तेच पोरगं खूश होऊन मित्रांना दुकानाचा पत्ता देतं. असा हा धंदा, आणि चांगला चालला होता.

ही सवय त्याला लागली तरुणपणी. तेव्हा तो टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात हाताखाली होता. मालक गोड बोलून गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा, आणि टीव्ही पुन्हा बिघडला की स्वतः मागच्या दारानं सटकायचा. शिव्या खायला पुढे हा. तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं, की आपण कुणाला जास्तीचं काही बोलायचं नाही. मग ते हाडीमांशी खिळलं. लग्न ठरलं तेव्हा भावी सासऱ्यांनाही म्हणाला, माझ्याकडून थोडं कमीच धरा. बायको अजून चारचौघांत हे सांगते आणि म्हणते, तेवढा एक शब्द मात्र ह्यांनी पाळला.

लेकीलाही तेच. शाळेचा निकाल असो की कॉलेजची यादी, हा आदल्या दिवशी तिला म्हणणार, फार आशा ठेवू नकोस. पोरगी हुशार, दर वेळी ह्याच्या अंदाजाच्या वर जायची. मग तो मनातल्या मनात खूश व्हायचा. तिच्या मनात काय व्हायचं, ते त्यानं कधी विचारलं नाही.

लेक आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पाच जणांच्या टीममधून गेमच्या स्पर्धा खेळते. खेळ तिचा, मशीनच्या पोटातलं सगळं बाबांचं, अशी घरातली वाटणी. मागच्या महिन्यात तिच्या खोलीला रंग दिला आणि त्यानंतर मशीन रडायला लागलं. चित्र मध्येच गोठायचं. समोरचा दिसेपर्यंत तोच हिला मारून मोकळा. तिनं बाबांना सांगितलं. जेवताना ताटातून मान वर न करता बाबा म्हणाले, नवे गेम जड झालेत, मशीनचं वय झालं, सेटिंग्ज खाली आण. तिनं आणली. पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, अजून खाली आण. बायको मध्ये पडली, अहो, एकदा उघडून बघा तरी. त्यावर हा म्हणतो, मी जुळवलेलं मशीन, मला माहीत नाही होय?

शेवटी एका मॅचमध्ये ऐन मोक्याला तिचं चित्र गोठलं आणि टीम हरली. आज संध्याकाळी मोठ्या स्पर्धेसाठी पाच नावं जायची होती. सकाळी, तो बूट घालत असताना, ती म्हणाली, की मी माझं नाव काढून घ्यायला सांगतेय.

"ठीक आहे," तो म्हणाला. "झेपेल तेवढंच करावं."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

दुकानात आल्यापासून त्याला चैन पडेना. एका मशीनचं झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो शोधायला वाकला आणि काय शोधतोय तेच विसरला. दाराशी जाऊन उभा राहिला, परत आत आला. फोन उचलला, ठेवला. बोलायचं तरी काय? आपण काही खोटं बोललो नव्हतो. मशीन जुनं होतं, हे खरंच होतं. मग पोरीची ती नजर पाठ का सोडत नव्हती, हे त्याला कळेना. स्वतःवरच चिडून त्यानं रेडिओ बंद केला, तर दुकान आणखीनच खायला उठलं.

तेवढ्यात पोटाशी कॉम्प्युटरचा भलामोठा डबा कवटाळून दातांचे डॉक्टर आत आले. पलीकडच्या इमारतीत त्यांचा दवाखाना आहे, आणि दुपारी पेशंट नसले की हा सज्जन माणूस घरी जाऊन गेममध्ये गोळ्या झाडतो. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि घाम पुसत म्हणाले, "तुम्ही कमी धरा म्हणालात, मी कमी धरलं. पण एवढं कमी? गेम सारखा अडतोय."

त्यानं मशीन दुकानातल्या स्क्रीनला जोडून डॉक्टरांचाच गेम लावला. मशीन सुसाट पळालं. डॉक्टर आ वासून बघत राहिले, जसे त्यांचे पेशंट त्यांच्यापुढे बसतात. मग त्यानं विचारलं, की घरी स्क्रीनची वायर कुठं लावता? डॉक्टरांनी डब्यामागच्या वरच्या खाचेत बोट ठेवलं.

तो हसला. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक ही चूक करतंच. गेमची चित्रं काढायला आत वेगळं कार्ड असतं आणि त्याची खाच खाली असते. वायर वर लावली तरी स्क्रीन लागतो, सगळं ठीक दिसतं, पण कार्ड नुसतं बसून राहतं आणि सगळं ओझं दुसऱ्याच्याच, मशीनच्या मुख्य चिपच्या, डोक्यावर पडतं. डॉक्टर ओशाळले. म्हणाले, परवापर्यंत बरोबर होतं हो, साफसफाईला टेबल हलवलं आणि घाईघाईत पुन्हा जोडलं.

टेबल हलवलं, हे ऐकलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

रंगकामाला लेकीचं टेबल त्यानंच हलवलं होतं. वायरीही त्यानंच जोडल्या होत्या, खांद्यात फोन धरून, गिऱ्हाइकाशी बोलत, भिंतीकडच्या अंधारात बोटांनी चाचपडत. खाच सापडली, वायर बसली, स्क्रीन लागला, हा निघाला. कुठली खाच? वरची की खालची? काही केल्या आठवेना. त्यानं लेकीला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग तो डॉक्टरांना एवढंच म्हणाला, की जरा बसा, आलोच, आणि दुकान त्यांच्या हवाली करून अंगातला कामाचा कोट न काढताच सुटला.

घर काही लांब नाही, पण आज प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी आडवं येत होतं. जिना चढताना दम लागला. लेक पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं नाव काढायचा मेसेज केव्हाच पाठवला होता. तो सरळ टेबलाखाली शिरला.

वायर वरच्या खाचेत होती.

गुडघ्यांवर बसल्या बसल्या त्याला मोह झाला. वायर खाली लावावी, बाहेर यावं, हात झटकावेत आणि म्हणावं, जरा काहीतरी केलंय, बघ आता. कुणाला कळणार होतं? उलट पोरीनं आभारच मानले असते. त्यानं वायर खाली लावली. बाहेर आला. आणि म्हणाला, "चुकीच्या जागी होती. मीच लावली होती."

ती उठली, खुर्चीवर बसली, गेम लावला. चित्र कुठंही अडलं नाही. तिनं एकेक सेटिंग वर नेलं, महिनाभर खाली खाली आणलेलं सगळं, तरी अडलं नाही.

"मला वाटत होतं, माझाच हात मंदावलाय," ती म्हणाली. मग खुर्ची त्याच्याकडे फिरवून, "मी किती वेळा सांगितलं, बाबा. तुम्ही बघितलंच नाहीत. कमी धर म्हणालात आणि मी धरलं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो ज्याला खरं बोलणं समजत होता, त्यातलं किती खरं होतं आणि किती नुसता न बघण्याचा आळस, कुणास ठाऊक. चुकलं माझं, एवढं तो म्हणाला.

तिनं टीमच्या कॅप्टनला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. नावं अजून गेली नव्हती. कॅप्टन पोरगा सरळ होता. म्हणाला, तू हवीच आहेस, पण मागच्या वेळी मशीननं तोंडघशी पाडलं. पूर्ण मॅचभर टिकेल याची खात्री असेल तरच नाव ठेवतो. तिनं फोनवर हात ठेवून बापाकडे पाहिलं.

आयुष्यात त्यानं कुणाला कशाची खात्री दिली नव्हती. नेहमीचं वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यानं ते गिळलं आणि तिला सांगितलं, की त्याला थोडं थांबायला सांग, आणि एक पूर्ण मॅच खेळ. ती खेळली. तो डब्यावर तळहात ठेवून उभा राहिला, पंख्याचा आवाज ऐकत, स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे बघत, तापमान कुठवर जातंय ते बघत. एकदा चित्र जरासं थरथरल्यासारखं वाटलं आणि त्याचा जीव खालीवर झाला, पण तो लेकीनंच मारलेला बॉम्ब होता. मॅच संपली.

"टिकेल," तो म्हणाला.

तिनं कॅप्टनला तेच सांगितलं, तसंच, बाबा म्हणतात म्हणून. तिचं नाव यादीत राहिलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुकानातून डॉक्टर बोलत होते. एक मुलगा आपलं मशीन घेऊन आलाय, नवा गेम चालेल का म्हणून विचारतोय, आणि तुम्ही नव्हता तर मीच सांगून टाकलं, थोडं कमीच धर.

"असं काही सांगू नका हो," कमीधरा म्हणाला. "बसवून ठेवा त्याला. मी येतो, आधी बघतो, मग काय ते सांगतो."