बटणाची टक

टाकवे बुद्रुकच्या कैलासनं आयुष्यात कुणाला मोठ्यानं हाक मारली नसेल. पण लोणावळ्याच्या एका हॉटेलात त्याच्या पायाचा आवाज जेवणाऱ्यांच्या कानाला टोचू लागला होता.

तरुणपणी तो लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचा. डीजे आले, बँड मोडला, आणि पन्नाशीला टेकलेला कैलास गिटार घेऊन हॉटेलात दुपारच्या जेवणाला जुनी गाणी म्हणू लागला. साथीला माणूस नव्हता. होतं ते लूपचं एक मशीन, जेमतेम विटेएवढं, पायाशी ठेवलेलं. पायानं बटण दाबायचं, गिटारच्या लाकडावर थापा मारून ठेका धरायचा, पुन्हा बटण दाबायचं. मग मशीन तोच ठेका गोल फिरवत राही. त्यावर सूर, सुरावर गाणं. एकटा माणूस तिघांसारखा वाजे.

खोट एकच होती. बटण दाबलं की टक व्हायची आणि माइकमधून ती ठेक्यात शिरायची. एकदा शिरली की गाणं संपेपर्यंत दर फेरीला टक.

मॅनेजर निलेश तिशीतला, तोंडाचा गोड. एके दिवशी म्हणाला, "कैलासमामा, आज परत एका गेस्टने विचारलं, एसी बिघडलाय का म्हणून. अजून एक कम्प्लेंट आली तर सर म्हणतात, पेनड्राइव्ह लावा. तो जेवायलाही मागत नाही."

कैलास हसला खरा, पण मनातून धास्तावला. त्या हॉटेलाबाहेर त्याचं वाजवणं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यानं मशीनखाली पायपुसणं घालून पाहिलं. बटणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, तर बटण दबलं की नाही तेच कळेना. बाजारात स्पीकर दुरुस्त करणारा धम्मदीप म्हणाला, "भाऊ, वायरीवरचं मऊ बटण मिळतं. मशीनला मागून जोडायचं, कुठंही ठेवायचं. टक नाही नि काही नाही. पुण्याला जातोच मी, आणतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघू," कैलास म्हणाला. आपल्यासाठी कुणी हेलपाटा घालावा, हे त्याच्या जिवावर येई.

त्यापेक्षा त्यानं आपली तऱ्हा शोधली. चप्पल काढायची. अंगठ्यामागचा मांसल उंचवटा बटणावर टेकवायचा, हळू दाबायचं आणि त्याहून हळू सोडायचं. टक जेवढी दाबताना, तेवढीच सोडताना. बटणाभोवतीची लोखंडी चकती तळव्यात रुतायची, कळ मस्तकात जायची. पण आवाज निम्म्यावर आला.

काही महिन्यांनी कळ येईनाशी झाली. मग तो वाटेल तितका वेळ पाय दाबून धरून अगदी सावकाश सोडू लागला, आणि टक पार गेली.

"बोटांचं बी असंच झालतं," तो बायकोला, नंदाबाईला म्हणाला. "तारांनी आदी फाटली, मग घट्टे पडले, दुखायची थांबली. आता पाय बी शिकला."

"शिकला म्हणं! डाक्टरनं दिलेल्या शुगरच्या गोळ्या घ्यायला कवा शिकनार तुमी?"

"गोळीनं हात थरथरत्यात. वाजवू कसा मग?"

नंदाबाईनं गोळ्यांचं पाकीट पुन्हा फळीवर ठेवलं. ते जवळजवळ भरलेलंच होतं.

एका रविवारी हॉटेल गच्च भरलं होतं. कैलासनं ओळीनं पाच गाणी म्हटली, एकदाही टक नाही. निलेशनं लांबून अंगठा दाखवला. कैलास खुशीतच घरी आला आणि चप्पल काढून आत गेला.

"अवो, ह्ये कशाचं?"

उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरशीवर एकाच पावलाचे लाल ठसे होते. नंदाबाईनं त्याला खाली बसवलं, पाय उचलून धरला. अंगठ्यामागं बटणाएवढं भोक पडलं होतं. कडा पांढऱ्या, वास सुटलेला.

"दुकत न्हाई?"

"न्हाई," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठं त्याला भीती वाटली.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले. "टोचलं की सांगा." कैलास कान टवकारून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "कवा टोचनार?"

"सात वेळा टोचलंय," डॉक्टर म्हणाले.

आधी अंगठा काढला. मग अर्धा पंजा. शेवटी गुडघ्याखाली पाय.

हॉटेलात पेनड्राइव्ह वाजत राहिला. चार महिन्यांनी धम्मदीपच निलेशकडं जाऊन बोलला, आणि एका रविवारपुरतं कैलासला बोलावणं आलं. धम्मदीपनं ते मऊ बटण आणलं होतं. खुर्चीच्या कडेला, मांडीनं दाबता येईल असं त्यानं ते चिकटपट्टीनं बसवलं. नंदाबाई त्याच्या कुबड्या धरून हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसली.

कैलासनं मांडी किंचित सरकवली, ठेका वाजवला, पुन्हा मांडी सरकवली. ठेका फिरू लागला. बटणाचा आवाज कुठंच नव्हता. दोन फेऱ्या तो तसाच ऐकत राहिला.

गाणं संपल्यावर निलेश जवळ आला. "मामा, काय क्लीन वाजतंय! हे बटण आधीच का नाही लावलं?"

धम्मदीप मान खाली घालून उरलेली वायर गुंडाळू लागला.

"व्हय म्हनायचं ऱ्हाऊन गेलं," कैलास म्हणाला, आणि पुढच्या गाण्यासाठी तार जुळवू लागला.