भिंतीवर यायची सावली

दुसऱ्याच्या घरी जेवायला गेल्यावर आधी टेबलावरची मीठदाणी सरळ करणारा आणि मग यजमानांना नमस्कार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. ऐंशीनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. माझा धाकटा भाऊ इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी त्याचं घर सांभाळायला आलेली विधवा बहीण. इंग्लंडमधलं हे मिल्टन कीन्स शहर तेव्हा नवंकोरं होतं. सगळे राउंडअबाउट, म्हणजे चौकातले गोल, एकसारखे, त्यामुळे भाऊ ड्यूटीवरून येताना स्वतःचंच घर चुकायचा. शेजारचं घर मात्र कुणी चुकणं शक्य नव्हतं. पांढरं, सपाट छपराचं, एका बाजूला नुसती काच. गल्लीतले लोक त्याला फ्रिज म्हणत. ते बांधून त्यात एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ डेन्मार्कचे आर्किटेक्ट होते. इथे काम घेऊन आले, बायको इथेच गेली, म्हणून राहिले. तिकडे त्यांनी मोठमोठ्या इमारती बांधल्या होत्या, आणि आत जे जे लागतं तेही स्वतःच घडवलं होतं. दिवे, नळ, दाराच्या मुठी, चमचेसुद्धा.

त्या चमच्यांचं काय सांगू! हातात घेतला तर पाण्याच्या धारेसारखा सुंदर, पण वरण काही तोंडापर्यंत यायचं नाही. मी भीतभीत तसं म्हटलं, तर म्हणाले, "मिसेस, सावकाश खा." माझं आडनाव त्यांच्या जिभेला झेपत नसे, म्हणून मी नुसती मिसेस. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना मला लाज वाटत नसे. बाकी सगळ्यांशी वाटे. त्यांच्या खुर्च्यांना पाय तीनच. भाऊ एकदा ऐटीत मागे रेलला आणि चहासकट आडवा झाला. हे धावत आले, खुर्ची उचलली, उलटीसुलटी करून नीट पाहिली आणि हसून म्हणाले, "डॉक्टर, काळजी नको. हिला काही झालेलं नाही."

ते आमच्याकडे येताना दिसले की भाऊ ओरडायचा, "ताई, इन्स्पेक्टर आले गं!" आमचे फुलाफुलांचे पडदे दिसले की त्यांचे डोळे आपोआप मिटत. देवघरासमोर मात्र एकदा बराच वेळ उभे राहिले. एका फळीवर सगळे देव दाटीवाटीनं बसलेले. शेवटी विचारलं, "यांचं आपसांत पटतं?"

"पटतं," मी म्हटलं.

"मग असू द्या."

त्यांच्या बैठकीची एक भिंत मात्र पूर्ण कोरी होती. तिला खिळा मारायची बंदी. एकटा माणूस, फोटो लावायला कुणी नसेल, असं मला आधी वाटलं. मग त्यांनी काचेबाहेरचं गुडघ्याएवढं बर्चचं रोप दाखवलं. हे मोठं होणार, संध्याकाळचं ऊन आलं की याची सावली या भिंतीवर पडणार, हेच इथलं चित्र.

"तोवर घर झालंच नाही, मिसेस."

पंचाहत्तरी उलटलेला माणूस हे सांगत होता. पुढे कितीतरी उन्हाळे आम्ही त्या रोपाला पाणी घातलं. ते त्यांच्या गावच्या समुद्राचं बोलत, मी आमच्या नदीचं. झाड फार सावकाश वाढायचं. एका जूनमध्ये ते काठी टेकत आमच्या दारात आले. "मिसेस, कम, कम!" जाऊन पाहते तर भिंतीच्या तळाशी तळहाताएवढी सावली हलत होती. आम्ही दोघं ती विझेपर्यंत बघत बसलो.

त्याच वर्षी थंडीत ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी डेन्मार्कहून न्यायला आली. माझ्यासमोर त्यांनी अजून एक उन्हाळा मागितला. भाषा त्यांची होती, पण मागणं मला कळलं. मग ती माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही तरी सांगा. झाड काय, हे नसले तरी वाढेल."

"तेच तर," म्हातारे म्हणाले.

जायच्या दिवशी घर रिकामं झालं. त्यांनी जाड पेन्सिल काढली, काठी टाकली आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. तोल जात होता. परक्या पुरुषाला मी कधी स्पर्श केला नव्हता, पण त्यांचं कोपर घट्ट धरलं. त्यांनी भिंतीवर खोड काढलं, फांद्या काढल्या, हात पोचेल तिथवर पानं काढली. मुलगी दारात गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती. झाल्यावर त्यांनी लांबून पाहिलं, थोडी मान वाकडी करून, आणि म्हणाले, "साधारण असं."

नव्या लोकांनी त्या भिंतीवर नक्षीचा कागद चिकटवलाय, असं भाऊ सांगतो. बर्च आता छपराच्या वर गेलाय. संध्याकाळी काचेवर ऊन आलं की वाटतं, बेल वाजवावी, आत बघू द्या म्हणावं. धीर होत नाही.

"ताई, त्यांच्या मुलीला फोन लावू का?" भाऊ मध्येच विचारतो. "झाड किती वाढलं ते कळव ना त्यांना."

आता त्यांचं वय किती झालं असेल, ते आम्ही दोघंही बोलत नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात लाव," मी म्हणते. "अजून थोडं वाढू दे."