माळीपुऱ्यातलं शिळं पाणी

नथ्थूभाऊंच्या खांद्यावर ती लांब लोखंडी चावी एकतीस वर्षं होती. नळाच्या दिवशी रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व फिरवायचा, की माळीपुऱ्यात पाणी. एक तास. पण बंद करताना भाऊ नेहमी दहा मिनिटं उशीर करायचे. गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्या अंजनाबाई एकट्या राहायच्या. पुढच्या घरांची भांडी भरल्याशिवाय त्यांच्या नळाला धार येत नसे. ती दहा मिनिटं त्यांची. त्यापायी भाऊंनी साहेबांची किती बोलणी खाल्ली असतील, त्यांनाच माहीत.

आता महिनाअखेरीस भाऊ निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी माणूस नाही, ठरल्या मिनिटाला व्हॉल्व बंद करणारं यंत्र बसणार होतं. यंत्राला अंजनाबाई काय माहीत?

नगरपरिषदेनं पाणी वाचवायचं मनावर घेतलं होतं, नाही असं नाही. घंटागाडीवर ‘पाणी जपून वापरा’ वाजायचं, उघड्या नळांना फुकट तोट्या बसवून दिल्या. लोक गाडीत कचरा टाकायचे आणि घरात जायचे. शेवटी साहेब म्हणाले, “नथ्थूभाऊ, लोक तुम्हाला ओळखतात. तुम्हीच सांगून पाहा.”

पाणी कुठं जातं ते भाऊंना पक्कं ठाऊक होतं. नळ आठ दिवसांनी यायचा. तो आला, की बाया आधी ड्रममधलं उरलेलं पाणी नालीत ओतायच्या. शिळं म्हणून! अर्धे अर्धे ड्रम. इकडे नाली भरून वाहायची आणि तिकडे दहा मिनिटांचं पाणी आठ दिवस पुरत नाही म्हणून अंजनाबाई घागर घेऊन हातपंपावर.

गल्लीत पहिलं घर उज्ज्वलाबाईंचं. त्या करतील तेच बाकीच्या करणार. भाऊ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. उज्ज्वलाबाई मेथी निवडत होत्या.

“काहीतरीच तुमचं भाऊ! देवाले शिळं पानी घालू काय मी? तुमी तं रोज मारुतीले जाता, तुमाले समजत नाही?”

“वैनी, नळाचं तरी कुठं ताजं हाये? धरणातलं हाये ते, मागच्या पावसाळ्याचं. टाकीत पडून राह्यते. मीच सोडतो, मले इचारा.”

“रिटायर होऊन राह्यले तं लय हुशार झाले तुमी!”

भाऊ हसले. म्हणाले, “तुमच्या सासूबाई देवपूजेचं पानी कवा भरत वो?”

उज्ज्वलाबाईंचा हात मेथीवर थांबला.

केनवडहून लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पार तळाला जायचं. सासूबाईंना पहाटेच भाजी घेऊन बाजारात जायचं असे. म्हणून त्या आदल्या सांजेलाच तांब्याची घागर भरून ठेवायच्या. वर ओलं फडकं, आत तुळशीचं पान. सकाळी देवांची अंघोळ त्याच पाण्यानं. एकदा नव्या सुनेच्या हातून तांब्या लवंडला, तर सासूबाईंनी आपले दोन्ही तळवे पुढे केले होते. दोराच्या वळांनी ते लाल झाले होते.

“सांजच्याले भरत,” उज्ज्वलाबाई हळूच म्हणाल्या. बराच वेळ त्या विहिरीबद्दलच बोलत राहिल्या. भाऊंनी मग पाण्याचा विषय काढलाच नाही.

शेवटच्या पाळीला भाऊंनी व्हॉल्व उघडला आणि नालीकडे पाहिलं. कोरडी. उज्ज्वलाबाई दारात उभ्या राहून शेजारणीला दटावत होत्या, “फेकू नको व! झाकून ठेव, काही होत नाही त्याले.”

बरोबर तास झाला. भाऊंचा हात चावीवर अडला. आज दहा मिनिटं दिली, तर पुढच्या वेळी यंत्रानं तासाला बंद केल्यावर काय होईल ते कळणार कसं? त्यांनी देवाचं नाव घेऊन व्हॉल्व बंद केला आणि तडक टोकाचं घर गाठलं.

अंजनाबाई दारातच कडाडल्या. “काहून रे नथ्थू, जाता जाता मलेच इसरला? माही एक घागर राह्यली ना!”

“ड्रम भरला काय?”

“भरला.”

“बादल्या?”

“भरल्या...” म्हातारी थबकली. वळून तिनं ड्रमकडे पाहिलं, मग भाऊंकडे. “दहा मिनटं न देता?”

“न देता.”

त्या गुडघ्यावर हात ठेवत आत गेल्या आणि नळाच्या पाण्याचा तांब्या भरून आणला. एकतीस वर्षांत भाऊ या घरी कधी पाणी प्यायले नव्हते. त्या गुडघ्यांनी हातपंपावरून आणलेलं पाणी त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं. आज ते ओट्यावर टेकले आणि तांब्या तोंडाला लावला.

“आनखी देऊ?” अंजनाबाईंनी विचारलं.

“द्या,” भाऊ म्हणाले.