दारातली जागा

झोपेचे किस्से कोणी मुद्दाम सांगत नाही. पाहुणे आले, अंथरूण घालायची वेळ झाली, कोण कुठं झोपणार यावरून घोळ सुरू झाला, की कोणीतरी म्हणतं, “त्या वेळचं आठवतं का रे!” मग एकातून दुसरा निघतो. आमच्या घरात असे किस्से ढिगानं साठलेत. सगळ्यांत दादा आहे. दादा जाऊन अजून वर्ष झालं नाही. म्हणून म्हटलं, माझ्या तोंडात आहेत तोवर सांगून टाकावेत.

* * *

पहिले दोन ऐकलेले. भूकंप झाला तेव्हा मी आईच्या अंगावर पीत होतो. दगडामातीचं घर होतं. बाबा आतच राहिले. आई मला घेऊन बाहेर पडली आणि दादानं मीराताईला ओढत आणलं. दादा तेव्हा तिसरीत होता.

पुढं सरकारनं पत्र्याची शेड दिली. सगळे आत झोपायचे आणि आई बाहेर, उघड्यावर. “पत्रा हाय माय, पडला तरी मरत न्हाई माणूस,” बायका समजवायच्या. आई म्हणायची, “छत ते छत.”

थंडी वाढली तसा दादानं उपाय काढला. आईच्या फाटक्या लुगड्याचे काठ फाडून, पिळून त्यानं एक लांब दोरी केली. दोरीला फासे. एकेक फासा एकेकाच्या पायाच्या अंगठ्याला, शेवट दादाच्या मनगटाला. तो दारात आडवा झाला. “आई, आत ये. मी हितं हाय. जरा हाललं की वढतो.”

आई आत आली. एवढ्याशा पोराच्या शब्दावर! त्या दिवसापासून दारातली जागा दादाची.

* * *

दोरीची पहिली परीक्षा लवकरच झाली. शेडजवळून रोड रोलर गेला. पत्रे थडथडले. दादानं सगळा जोर लावून दोरी ओढली आणि स्वतः बाहेर पळाला.

पण फासे सुटायचे कसे, हे त्यानं ठरवलंच नव्हतं! आई उठली ती ताईवर पडली, ताई रडत दारापर्यंत घसरत आली, आणि मनगटाला झटका बसून दादा उंबऱ्यावर उताणा. मी आईच्या काखेत.

सगळे एका ढिगात. रोलरवाला थांबून बघत राहिला.

आई म्हणाली, “आरं, भूकंपातून काढलंस आन् आता दोरीनं मारतूस का?”

आणि हसली. भूकंपानंतर पहिल्यांदा हसली, असं दादा सांगायचा. त्यानंतर त्यानं सुरगाठ शिकून घेतली.

* * *

ताई दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आम्ही लातूरला आलो. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते आणि गावागावांतून आया पोरांमागं स्टोव्ह घेऊन येत होत्या. दादा क्लासच्या पोरांची रिक्षा चालवायचा. मी सातवीतच शाळेला रामराम केलेला, त्याच्या हाताखाली.

खोली बघताना प्रत्येकजण नळाचं विचारतो. आईनं मालकाला विचारलं, “घर हालतं का?”

“बाई, नवं बांधकाम हाय. पक्कं!”

“आमचं बी पक्कंच होतं.”

खोली दोन कुटुंबांत होती. दुसरं कुटुंब निलंग्याकडचं, रबियाखाला आणि तिची पोरगी शबाना. शबाना ताईच्याच क्लासला. मधे साडीचा पडदा.

पहिल्याच दिवशी अंथरुणावरून घोळ झाला. आई म्हणाली, उत्तरेला डोकं करायचं नाही. खाला म्हणाली, “हाव, पर पश्चिमेला पाय नक्को, काबा हाय तिकडं.” वाकळा एकदा अशा, एकदा तशा. ताई पुस्तक आपटून म्हणाली, “झोपायचंय का भूगोलाचा पेपर द्यायचाय?”

शेवटी दक्षिणेला डोकं, त्यावर दोघी राजी झाल्या. राहिला दादा. तो दारात आडवा झोपणार. पूर्वेला डोकं केलं की पाय पश्चिमेला. मग उरली पश्चिम.

आई कळवळली. “पश्चिमेला डोकं केलं तर चिंता लागते रे.”

“चिंतेसाठीच तर दारात झोपायलो मी!”

* * *

खाला चार दिवस आमची दोरी बघत होती. पाचव्या दिवशी पडदा सारून तिनं दादापुढं पाय केला.

“सुदाम, मला बी एक बांध. शबानाला बी.”

आई तिच्याकडं बघत राहिली. “तुमच्याकडं बी?”

“माझी सासू राहिली आत,” खाला म्हणाली.

दादानं दोरी लांब केली. सकाळी मात्र खालानं त्याला झापलं, “घट्ट बांधलास रे मुडद्या, अंगठा काळा पडला की!”

* * *

आता माझं. माझी झोप म्हणजे घरातला चेष्टेचा विषय. दादा अधूनमधून परीक्षा घ्यायचा. जेवून सगळे आडवे झाले, की अचानक दोरी ओढायचा. आई ताडकन बसायची, ताई बसायची, खाला या अल्ला म्हणत बसायची. माझा फक्त पाय उठायचा आणि परत खाली पडायचा!

“याला वढून उपयोग न्हाई,” दादा म्हणायचा, “याला उचलूनच न्यावं लागतं.”

मी म्हणायचो, “मग ने की. तू हाईसच.”

* * *

पुढच्या वर्षी दादाला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग लातुरातच डॉक्टर, मग नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. पेशंट खाटेवर आणि सोबतचा खाटेखाली, अशी तिथली रीत. दादा म्हणाला, “रेल्वेवानी हाय. वरचा बर्थ माझा, खालचा तुझा.”

दोरी त्यानं पिशवीतून आणलेली होती. एक टोक त्याच्या मनगटाला, एक माझ्या अंगठ्याला. सिस्टर सलाईन बघायला आली आणि ओरडली, “हे काय बांधलंय?”

“बेल हाय सिस्टर. पण तिकडं कधी वाजत न्हाई.”

तिथं मात्र वाजली. तो ओढायचा, मी उठायचो. “पाणी देऊ?” तर मान हलवायचा. नको. थोड्या वेळानं परत ओढायचा. मी वैतागलो. “मग कशाला उठवायलास?”

“बघतो, उठतूस का.” मग म्हणाला, “आईला भाईर झोपू देऊ नको बंड्या.”

येताना गाडीत तो आडवा होता आणि मी त्याच्या पायाशी. दोरी माझ्या खिशात.

* * *

दादाचं तेरावं झालं, पाहुणे गेले. आईनं वाकळ उचलली आणि बाहेर ओट्यावर टाकली. पुन्हा उघड्यावर.

ऐन थंडी. आई खोकायची, तो आवाज आत यायचा. ताई रडून थकली. खाला म्हणाली, “चल आत, माझ्याजवळ झोप.” मालकही येऊन सांगून गेला. मी दादाच्या जागेवर आडवा झालो, दोरी मनगटाला बांधली, म्हटलं, “आता मी हाय दारात. ये.”

“तुझी झोप लई जड हाय बाळा.”

एकदा माझं डोकं फिरलं. मी तिची वाकळ ओढत आत आणली. तिनं ओढत बाहेर नेली. मी परत आत. गल्लीतली क्लासला निघालेली पोरं सायकली थांबवून बघायला लागली. शेवटी वाकळ फाटली. मी उंबऱ्यावर बसून ओरडून रडलो. आई सुई-दोरा घेऊन शिवत बसली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी दारात पडलो. दोरीचं एक टोक उंबऱ्याबाहेर लोंबत होतं. थोड्या वेळानं मनगटाला ओढ बसली. अगदी हलकी. मी उठून बसलो.

बाहेर आई टोक धरून उभी होती. टोक सोडून ती गेली. मी आडवा झालो. परत ओढ. परत बसलो. तिसऱ्यांदाही.

“झोपला न्हवतास?”

“न्हाई.”

“कवापासून?”

“नांदेडपासून.”

मग आईनं शिवलेली वाकळ उचलली, आत आली आणि मला म्हणाली, “सरक.”

मी सरकलो. ती दारात आडवी झाली, पश्चिमेला डोकं करून. माझ्या मनगटाची गाठ सोडली, आपल्या मनगटाला बांधली. मग चाचपत दुसरं टोक शोधलं.

“पाय दे,” म्हणाली.