न बोलता ठरलेला मिठाचा भाव

रोह्यातल्या वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनी माझ्या मुलीला फसवलं. ती हरली म्हणून हे लिहीत नाही. पेणमध्ये माझा पेंढ्याचा आणि खोक्यांचा धंदा आहे. इथल्या गणपतीच्या मूर्ती त्यांत बसून परगावी जातात. धंदा शून्यातून उभा केलाय, हार-जीत रोजची आहे. पण सौदा ठरल्यावर अट बदलणाऱ्याला मी दारात उभा करत नाही.

विषय होता आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचलेले पहिले युरोपी व्यापारी. तो सांगायला परीक्षक स्वतः शाळेत आले होते. आपल्या परिसरातलं उदाहरण द्या, त्याला जादा गुण, असं त्यांनीच सांगितलं.

मुलगी घरी मोठ्यानं वाचत बसायची. पोर्तुगीज जहाजांवरून गेलेल्यांनी तिथली एक रीत ऐकून लिहून ठेवलीय. मिठवाले मिठाचे ढीग मांडून लांब जायचे. मग सोनं असलेले यायचे, ढिगाशेजारी सोनं ठेवून तेही दूर व्हायचे. पटलं तर मिठवाले सोनं उचलायचे, नाहीतर तसंच ठेवून पुन्हा मागे. शब्द एक नाही.

माझी आई सुकट निवडत होती. म्हणाली, "हे तं आम्ही पण करायचो गो."

आईचं तरुणपण मिठागरात गेलं. भात झोडून झालं की ती टोपलीत मीठ घेऊन गडबच्या आतल्या गावांत जायची. एका घरच्या ओट्यावर मीठ ओतायची आणि ओट्याकडे पाठ करून चिंचेखाली बसायची. मिठावरून घासाघीस करायची नाही, असा बायकांचा रिवाज. घरातली बाई शेजारी भात ओतून आत जायची. कमी वाटलं तर आई उठायचीच नाही. मग आणखी एक ओंजळ पडायची. मी दिवसभर घसा कोरडा करून जे मिळवतो, ते ही बाई नुसतं बसून मिळवायची.

मुलीनं तिला कितीदा तरी विचारलं, पाठ केल्यावर भात दिसायचा कसा? "आवाज येतो ना पडल्याचा," आई म्हणाली.

स्पर्धेत मुलगी छान बोलली. आजीचा ओटा सांगितला, मग आफ्रिकेचा किनारा. पोर्तुगीज आले, मागून डच, इंग्रज आले. एकमेकांना हुसकायला किल्ले बांधले, तोफा लावल्या, आणि पुढे त्याच किनाऱ्यावर माणसांचा भाव होऊ लागला.

निकाल सांगताना परीक्षक माईकवरून म्हणाले, "इतिहास वेगळा आणि आजीच्या गोष्टी वेगळ्या, बाळ." सभागृह हसलं. बक्षीस धाडसी कप्तानाचं पाठांतर करणाऱ्याला गेलं. मी उठून तिथेच त्यांचं शाळेतलं बोलणं त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, बसून घ्या. मी बसणार नव्हतो, पण मुलीनं शर्ट ओढला.

टेम्पोनं परत निघालो. कोलाडला भजी घेतली, तिनं हात लावला नाही. खांब मागे पडल्यावर म्हणाली, "पप्पा, आजीला हसले ते सांगू नका."

घरी आई जेवायची थांबली होती. "काय गो, माझं मीठ आवडलं का लोकांना?"

"हो आजी. सगळे अगदी शांत बसून ऐकत होते."

आईनं तिच्या पानात भाकरी वाढली, वर सुकटीची चटणी जास्तच. पोरगी मान खाली घालून सगळं जेवली. मी भांडणात कधी हरत नाही, पण त्या पानाकडे मला बघवलं नाही.

पुढच्या स्पर्धेला नाव द्यायला ती आता नाही म्हणते.

तर परीक्षकसाहेब, गुण तुमचे तुम्हाला ठेवा. परिसरातलं उदाहरण तुम्ही मागितलंत, तिनं आजीचं आणलं, आणि तुम्ही त्यावर लोकांना हसवलंत. का, ते मला सांगू नका. पेणला या, माझ्या मुलीसमोर बसा आणि तिला उत्तर द्या.